विश्लेषण : पुस्तक वाचून योग शिकता येतो? अमळनेरच्या प्राचार्यांनी शोधलेले उत्तर

जून महिना आला की पुस्तकांच्या दुकानात योगाची पुस्तके पुढच्या फळीवर येतात. जळगाव-धुळ्यातल्या उद्यानांत आणि घरांच्या गच्चीवर नव्या चटया अंथरल्या जातात. यातले बरेच जण नवशिके असतात. कुणाला वर्गाची वेळ जमत नाही, कुणाला फी परवडत नाही, तर कुणाच्या गावात शिकवणाराच नसतो. मग पुस्तक समोर उघडे ठेवायचे, चित्र पाहायचे आणि तसे करायचा प्रयत्न करायचा.

असे शिकावे की नाही, हा वाद जुना आहे. योग गुरुमुखातूनच घ्यायचा, कागदावरून नव्हे, ही आपल्याकडची पक्की समजूत. ती मोडून, आसने आणि प्राणायाम नवशिक्याला वाचून कळतील अशा भाषेत छापणाऱ्या पहिल्या काही लोकांत स्वामी कुवलयानंद यांचे नाव येते. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक म्हणून ते माहीत असतात. मात्र त्याआधीची सात वर्षे ते खान्देशात, अमळनेरमध्ये शिक्षक आणि प्राचार्य होते, हे आजच्या खान्देशातही कमी जणांना ठाऊक आहे.

जगन्नाथ गुणे ते कुवलयानंद

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातल्या डभोईचा. वडील शिक्षक, घरची परिस्थिती बेताची. १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या जोरावर बडोदा कॉलेजचा रस्ता मोकळा झाला. १९१० मध्ये ते पदवीधर झाले.

बडोद्यात त्यांना दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे राजकारणाचे वारे. अरविंद घोष तेव्हा बडोद्यात शिकवत होते, पुढे लोकमान्य टिळकांच्या होमरूल चळवळीचाही गुणे यांच्यावर मोठा प्रभाव पडला. तरुणपणीच त्यांनी आजन्म अविवाहित राहून देशकार्य करण्याचे ठरवले. दुसरी गोष्ट म्हणजे आखाडा. १९०७ ते १९१० या काळात त्यांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न माणिकराव यांच्याकडे भारतीय व्यायामाचे शिक्षण घेतले. योगाकडे वळण्याआधी हा माणूस तालमीत घाम गाळलेला होता, ही बाब महत्त्वाची आहे. शरीर कसे शिकवले जाते, नवख्याला कुठे दुखते, किती दिवसांनी जोर वाढवायचा, हे त्यांनी पोथीत वाचण्याआधी मातीत पाहिले होते.

अमळनेरमध्ये काय घडले?

त्या वेळचे अमळनेर आजच्यापेक्षा वेगळ्या अर्थाने गजबजलेले होते. १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे दोन तुकडे झाले. जळगाव हे पूर्व खान्देशाचे मुख्य ठिकाण झाले, धुळे पश्चिम खान्देशाचे. बोरी नदीकाठचे अमळनेर पूर्व खान्देशात आले, पण धुळेही तिथून हाकेच्या अंतरावर. तापी व्हॅली रेल्वेने गाव सुरतेशी जोडलेले. श्रीमंत प्रतापशेठ यांची कापड गिरणी सुरू झालेली होती आणि त्यांच्याच आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. एका तालुक्याच्या गावी गिरणीचा भोंगा आणि वेदान्ताची चर्चा एकाच वेळी ऐकू येत होती. आज महाराष्ट्रात असे गाव शोधून सापडणार नाही.

याच वातावरणात गुणे आणि त्यांचे सहकारी खान्देश एज्युकेशन सोसायटीच्या कामात शिरले. लोक निरक्षर आणि अंधश्रद्ध राहिले तर स्वराज्याला अर्थ उरणार नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणून शिक्षण, आणि तेही सरकारी साच्याबाहेरचे. १९१६ पासून ते शाळा-महाविद्यालयातल्या मुलांना भारतीय संस्कृती शिकवू लागले. १९२० मध्ये ते राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. असहकार चळवळीचा हा काळ. महाविद्यालयातले वातावरण उघडपणे राष्ट्रवादी होते आणि तेच सरकारला खुपले. १९२३ मध्ये ब्रिटिश राजवटीने महाविद्यालय बंद पाडले.

चाळिशीत आलेल्या प्राचार्याची संस्थाच गेली. त्याच सुमारास साने गुरुजी तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी अमळनेरला आले आणि १९२४ पासून तिथल्या शाळेत शिकवू लागले. त्यामुळे अमळनेरच्या इतिहासात साने गुरुजींचे पर्व ठळक झाले. त्याच्या अगदी आधीचे गुणे यांचे पर्व मात्र झाकोळले गेले.

नर्मदाकाठचा गुरू आणि रुग्णालयातली क्ष-किरण खोली

अमळनेरच्या नोकरीत असतानाच, १९१९ मध्ये, गुणे यांची गाठ परमहंस माधवदासजी यांच्याशी पडली. मूळचे बंगालचे असलेले हे योगी बडोद्याजवळ नर्मदेच्या काठी मालसर येथे राहत. मुंबईत योग इन्स्टिट्यूट सुरू करणारे श्री योगेंद्र हेही त्यांचेच शिष्य. आधुनिक भारतातल्या योगाच्या दोन मोठ्या संस्था एकाच म्हाताऱ्या साधूच्या ओसरीवरून निघाल्या, असे म्हणता येईल.

गुणे यांना तिथे योगाच्या खोल क्रिया प्रत्यक्ष शिकायला मिळाल्या. इथपर्यंतची गोष्ट शेकडो साधकांची असू शकते. वेगळेपण पुढे आहे. गुणे भारावले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. या क्रिया करताना शरीरात नेमके काय होते, हा प्रश्न त्यांना सोडेना. १९२०-२१ मध्ये त्यांनी काही विद्यार्थ्यांना सोबत घेऊन बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान बंध आणि नौली या क्रियांची तपासणी सुरू केली. त्यासाठी क्ष-किरण वापरले. योगक्रिया प्रयोगशाळेत मोजण्याचा हा जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक मानला जातो. १९२१ मध्ये माधवदासजींचे निधन झाले.

नौलीचा प्रयोग काय होता?

हा प्रयोग समजून घेण्यासारखा आहे, कारण कुवलयानंदांची सगळी पद्धत त्यात दिसते.

हठयोगात बस्ती नावाची क्रिया आहे. साधक पाण्यात बसतो आणि कोणताही पंप न वापरता मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतो. ही गूढ सिद्धी मानली जाई. कुवलयानंदांनी नौली करणाऱ्या व्यक्तीच्या मोठ्या आतड्यातला दाब मॅनोमीटरने, म्हणजे दाब मोजण्याच्या उपकरणाने मोजला. नौली सुरू झाली की आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, हे दिसून आले.

कारण सरळ भौतिकशास्त्राचे आहे. श्वास पूर्ण सोडून गळा बंद केला आणि श्वास घेतल्यासारख्या फासळ्या वर उचलल्या, तर आत हवा जात नाही, पण छाती फुगते. मग श्वासपटल वर ओढले जाते आणि पोट आत खोल जाते. हा उड्डियान. त्याच अवस्थेत पोटाचे मधले स्नायू आवळून पुढे काढले की नौली होते. त्या क्षणी पोटाच्या पोकळीचे आकारमान वाढते. आकारमान वाढले की दाब घटतो. रंगपंचमीला पिचकारीचा दांडा मागे ओढल्यावर बादलीतले पाणी आत येते, त्यामागचे तत्त्व हेच. या कमी दाबाला कुवलयानंदांनी आपल्या गुरूंचे नाव देऊन माधवदास निर्वात असे म्हटले. साधूचे नाव भौतिक राशीला देण्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण असावे.

चमत्काराचे स्पष्टीकरण मिळाले म्हणून त्यांची श्रद्धा कमी झाली नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. उलट, जे समजावून सांगता येते तेच सर्वांना शिकवता येते, असे त्यांचे मत बनले.

लोणावळा आणि छापील योग

महाविद्यालय बंद झाल्यावर वर्षभरात, ऑक्टोबर १९२४ मध्ये, लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना झाली. सुरुवातीच्या काळात आर्थिक आधार दिला तो अमळनेरच्या प्रतापशेठ यांनी. म्हणजे खान्देशाने या माणसाला केवळ सात वर्षांची नोकरी दिली नाही, तर पुढच्या कामाला भांडवलही दिले.

संस्थेबरोबरच 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. त्याची रचना आजही पाहण्यासारखी आहे. एका भागात प्रयोगशाळेतले निष्कर्ष, आकडे आणि क्ष-किरण चित्रे. दुसऱ्या भागात त्यावरची काहीशी सोपी चर्चा. तिसरा भाग सामान्य वाचकासाठी. त्यात एकेक आसन कसे करायचे, हे छायाचित्रांसह टप्प्याटप्प्याने सांगितलेले. संशोधकासाठीचा मजकूर आणि घरी चटईवर बसलेल्या कारकुनासाठीचा मजकूर एकाच अंकात होता. याच लेखनातून १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला 'आसने' आणि 'प्राणायाम' ही त्यांची पुस्तके आकाराला आली. मूळ इंग्रजी, नंतर मराठीतही.

नवशिक्याला पुस्तक काय शिकवते?

'आसने' या पुस्तकात ध्यानासाठीची आसने वेगळी आणि शरीर घडवणारी आसने वेगळी केलेली आहेत. पद्मासन, सिद्धासन पहिल्या गटात. सर्वांगासन, मत्स्यासन, हलासन, भुजंगासन, शलभासन, धनुरासन, अर्धमत्स्येंद्रासन, पश्चिमतान ही दुसऱ्यात. शेवटी शवासन. ही यादी ओळखीची वाटते, कारण आज बहुतेक वर्गांत साधारण हीच आसने शिकवली जातात. सामान्य प्रकृतीच्या माणसाचा क्रम वेगळा आणि ज्याला तेवढे झेपत नाही त्याचा सोपा क्रम वेगळा, अशीही सोय पुस्तकात आहे.

पण पुस्तकाचे खरे कौशल्य यादीत नाही. चित्रावरून शिकण्यातली अडचण अशी की चित्र शेवटची स्थिती दाखवते, तिथे पोहोचायचे कसे ते दाखवत नाही. भुजंगासनाचे चित्र पाहून नवशिका हातांवर जोर देतो आणि धड एकदम वर ढकलतो. कंबर धरते ती तिथेच. कुवलयानंद हे आसन क्रमाने सांगतात. आधी फक्त डोके उचलायचे, मग मान, मग छाती, एकेक मणका वर घेत. हातांचा आधार कमीत कमी. बेंबी जमिनीजवळच राहिली पाहिजे. पाठीवर येणारा दाब मानेकडून खाली सरकत कमरेपर्यंत जाताना जाणवला पाहिजे. तो तसा सरकला तर आसन बरोबर चालले आहे.

समोर शिक्षक नसेल तर चूक कोण दाखवणार? याचे उत्तर त्यांनी असे शोधले. बाहेरून कसे दिसायला हवे याच्या जोडीला आतून काय जाणवायला हवे, हे लिहून ठेवले. म्हणजे वाचणारा स्वतःच स्वतःची तपासणी करू शकतो. आरसा लागत नाही.

बाकीच्या सूचना कोरड्या आहेत, पण त्याच नवशिक्याला वाचवतात. झटका द्यायचा नाही. सुरुवातीला आसनात थोडा वेळ थांबायचे आणि तो वेळ हळूहळू वाढवायचा. दम लागेपर्यंत करायचे नाही. पोट रिकामे असावे. कान वाहत असेल, डोळ्यांचा त्रास असेल तर शीर्षासनापासून दूर राहायचे. रक्तदाब फार जास्त किंवा फार कमी असणाऱ्यांनी या गोष्टी स्वतःच्या जबाबदारीवर करू नयेत, जाणकाराकडे जावे. पुस्तक लिहिणाऱ्यानेच पुस्तकाची हद्द अशी आखून दिली. आजच्या मोबाइलवरच्या चित्रफितींत नेमकी ही हद्द दिसत नाही, आणि पहिल्याच आठवड्यात मान किंवा पाठ धरून बसणाऱ्यांची अडचण तिथे सुरू होते.

ऑक्सिजनचा समज

प्राणायामाच्या बाबतीत त्यांनी एक लोकप्रिय समज खोडला. दीर्घ श्वास घेतला की शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो, असे तेव्हाही सांगितले जाई आणि आजही सर्रास सांगितले जाते. कुवलयानंदांनी मोजून पाहिले. प्राणायामात एकेक श्वास मोठा असला तरी मिनिटाला होणाऱ्या श्वासांची संख्या खूप घटते. त्यामुळे शरीर एकूण जास्त ऑक्सिजन शोषत नाही. प्राणायामाचा उपयोग ऑक्सिजनच्या साठ्यात नसून श्वासावर, शरीरातल्या दाबांवर आणि मज्जासंस्थेवर ताबा मिळवण्यात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतःच्याच विद्येची जाहिरात करणारे सोपे वाक्य नाकारणे, हे त्या काळात काय किंवा आज काय, सोपे नाही.

त्यांचे सगळेच निष्कर्ष टिकले असे मात्र नाही. प्रयोगातली माणसे मोजकी असत, तुलनेसाठी दुसरा गट क्वचितच असे. अमुक आसनाने अमुक ग्रंथी सुधारते, अशी त्यांची काही विधाने मोजमापापेक्षा शरीररचनेवरून बांधलेला तर्क होती. पुढे तीच विधाने असंख्य पुस्तकांत सिद्ध झालेले सत्य म्हणून उतरवली गेली.

पत्रातून शिकणारा विद्यार्थी

१९२७ मध्ये कुवलयानंदांना एक विद्यार्थी मिळाला, तोही शिक्षक समोर नसताना शिकणारा. त्या वर्षी मार्चमध्ये दौऱ्यावर असताना महात्मा गांधींची प्रकृती बिघडली. रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली आणि ते म्हैसूर संस्थानात नंदी टेकडीवर राहिले. त्या काळात गांधीजी आणि कुवलयानंद यांच्यात आसने, शवासन, श्वासाचा व्यायाम यांविषयी पत्रव्यवहार झाला. गांधीजी प्रकृतीचा तपशील कळवत आणि शंका विचारत. साठीकडे झुकलेला नवशिका, वाढलेला रक्तदाब, शेकडो मैलांवरचा शिक्षक आणि मध्ये टपाल. छापील योगाच्या सगळ्या अडचणी या एका उदाहरणात आहेत. फरक इतकाच की गांधीजींना उलट प्रश्न विचारता येत होते आणि उत्तर येत होते. पुस्तक वाचणाऱ्याला ती सोय नसते.

पुढच्या काही वर्षांत लोणावळ्याकडे परदेशी अभ्यासकही वळले. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाशी संबंधित मानसशास्त्रज्ञ के. टी. बेहनन यांनी १९३१-३२ मध्ये कुवलयानंदांच्या मार्गदर्शनाखाली अभ्यास केला आणि १९३७ मध्ये योगाच्या शास्त्रीय मूल्यमापनावर पुस्तक लिहिले.

शाळेच्या मैदानावर

मुंबईत १९३२ मध्ये शाखा निघाली, पुढे ती चौपाटीवर गेली. पण कुवलयानंदांच्या मनातली जुनी ओढ शाळेची होती. 'यौगिक संघ व्यायाम' या पुस्तकात त्यांनी एका वेळी अनेक मुलांना हुकुमांवर करता येतील असे योगाचे व्यायाम बसवले. मुंबई प्रांतात काँग्रेसचे सरकार आल्यावर शारीरिक शिक्षणाच्या सरकारी समितीची सूत्रे त्यांच्याकडे आली.

यावर टीका होऊ शकते. मुळात एकट्याने, शांतपणे करायच्या गोष्टीची कवायत झाली. मैदानावर उभ्या असलेल्या पन्नास मुलांना पाठीवरचा दाब कुठे सरकतो हे कोण विचारणार? ज्या शिक्षकाने आयुष्यात योग केला नाही, त्याच्या हातात पुस्तक देऊन वर्ग चालवायला सांगितले तर काय होते, हे शाळेत योगाचा तास अनुभवलेल्या कुणालाही विचारावे. पण दुसरी बाजूही आहे. ज्यांना ओसरीवर बसवून शिकवणारा साधू कधीच भेटला नसता, अशा लाखो मुलांपर्यंत निदान ताडासन पोहोचले. अमळनेरच्या वर्गात सुरू झालेल्या कामाचा तो पुढचा टप्पा होता.

अखेरची वर्षे

लोणावळ्यात १९५०च्या सुमारास योगाचे शिक्षक घडवणारे गोरधनदास सेक्सरिया महाविद्यालय सुरू झाले. पुस्तकाच्या मर्यादा ओळखणाऱ्या माणसाने अखेर प्रशिक्षित शिक्षकांची फळी उभी करायला घेतली, असा याचा अर्थ लावता येतो. १९६३ मध्ये डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासह लिहिलेले योगोपचारावरचे त्यांचे पुस्तक केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केले.

१८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंदांचे निधन झाले. त्याच वर्षी पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमधून निघाले. मराठीत ते 'योगदीपिका' म्हणून ओळखले जाते, आणि पुस्तकातून योग शिकणाऱ्यांच्या घरात आज बहुधा तेच सापडते.

'योगमीमांसा' अजूनही निघते. ३० ऑगस्ट २०१९ रोजी आयुष पद्धतींतल्या बारा नामवंतांवरची टपाल तिकिटे प्रसिद्ध झाली, त्यांत कुवलयानंदही होते. तो दिवस त्यांच्या जयंतीचा होता. २०२४ मध्ये कैवल्यधामला १०० वर्षे पूर्ण झाली आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत अमळनेरमध्ये ९७वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले.